काडी ते मेम्ब्रेन: एप्रिल ते ऑक्टोबरच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार

आप्पांच्या द्राक्षबागेत खरड छाटणी चालू आहे. सकाळी साडेसातलाच निफाडकडे निघाले, कारण दहानंतर शेतात उभं राहवत नाही. थॉमसन जातीच्या तीन ओळींखालची काडी गोळा केली, तीन पोती भरली. दरवर्षी ही काडी एक तर बांधावर पेटवतात, नाहीतर कुट्टी करून सरीत टाकतात. मजुरणींपैकी एकीनं विचारलं, "ताई, कॉलेजात काड्या नेऊन करणार काय?" "कागद," म्हटलं. अर्धं खरं. आप्पा एवढंच म्हणाले, "पोती तेवढी परत आण. नवीन आहेत."

पूर्ण खरं इथे लिहून ठेवते, प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाला कामी येईल. फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या घटात) एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन आणि मध्ये एक पातळ पडदा असतो. या मेम्ब्रेनमधून प्रोटॉन पलीकडे गेले पाहिजेत. वायू जाता कामा नये, इलेक्ट्रॉन तर मुळीच नाही. पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या इलेक्ट्रोलायझरच्या एका प्रकारातही हाच पडदा लागतो. केंद्राच्या हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींची मंजुरी मिळाली, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. त्यातला काही भाग शेवटी या पडद्यापाशीच येऊन थांबणार.

आज तो पडदा बहुतेक ठिकाणी नाफिऑनचा असतो. ड्यूपॉन्टमध्ये वॉल्थर ग्रोट यांनी १९६० च्या दशकात तो तयार केला. कणा टेफ्लॉनचा आणि त्याला लोंबणारे सल्फोनिक आम्लाचे गट. काम उत्तम करतो, पण महाग आहे आणि पीएफएएस कुळातला आहे. ही रसायनं निसर्गात कुजत नाहीत. २०२३ मध्ये युरोपातल्या पाच देशांनी त्या सगळ्या कुळावरच निर्बंधांचा प्रस्ताव दिला. म्हणून झाडापासूनचा पडदा शोधायचा. माझ्या गाइड मॅडमनी आधी उसाचा बगॅस (चोथा) सुचवला होता. बगॅस सगळेच करतात. काडी माझ्या घरची आहे.

१२ एप्रिल, शनिवार

काडी दळून आणली. कॉलेजचा ग्राइंडर लाकडापुढे हात टेकतो, म्हणून मसाला कांडपवाल्याकडे गेले. एप्रिल म्हणजे त्याचा मिरचीचा सीझन, रांग दाराबाहेर. सगळ्यात शेवटी नंबर लागला. पहिलं अर्धा किलो दळण लालसर निघालं, आणि पोतं उघडताच सगळी लॅब शिंकायला लागली. आधीच्या गिऱ्हाईकाची मिरची. ते अर्धा किलो टाकून दिलं.

जाड काड्यांची साल काढली होती. बारीक काड्यांची काढली नाही. साल नखानं निघत नाही आणि चाकूनं काढायला दिवस जातो. तशाच दळल्या. बाकीची भुकटी ४० मेशच्या चाळणीतून काढली.

१६ एप्रिल, बुधवार

सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) इथेनॉलनं धुणं, सहा तास. खालच्या फ्लास्कमध्ये गडद तांबूस अर्क उतरला. द्राक्षाच्या काडीत रेस्व्हेराट्रॉल आणि त्याच्या भाऊबंदांचं प्रमाण चांगलं असतं, औषधवाले त्याच्याच मागे असतात. मॅडम म्हणाल्या, फेकू नकोस, बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेव. ठेवला.

मग ४ टक्के कॉस्टिक सोडा, ८० अंश, दोन तास, असं तीनदा. लिग्निन (लाकडातले तंतू चिकटवून ठेवणारा घटक) सुटून पाणी काळंभोर होतं. तिसऱ्या धुण्याला चहाच्या रंगावर आलं.

२२ एप्रिल, मंगळवार

सोडियम क्लोराइट आणि ॲसेटिक आम्लानं विरंजन, ७० अंशांवर. यात क्लोरिन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे सगळं फ्यूम हूडमध्ये. हूडचा पंखा मध्येच बंद पडला तेव्हा शेगडी बंद करून सगळ्यांना बाहेर काढलं. एक तास कॉरिडॉरमध्ये. पंखा चालू झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी पांढराशुभ्र लगदा, म्हणजे सेल्युलोज, हातात आला. १०० ग्रॅम भुकटीतून ३३ ग्रॅम. काडीचं लाकूड एवढं पांढरं होऊ शकतं यावर माझी ज्युनिअर विश्वास ठेवायला तयार नव्हती. बोटांनी चोळून पाहत होती.

२४ एप्रिल, गुरुवार

टेम्पो ऑक्सिडेशन. घरी फोनवर सांगितलं की आज टेम्पो लावायचा आहे, तर आप्पा म्हणाले, "टेम्पो कशाला लावते? आपली पिकअप आहे ना." हा टेम्पो म्हणजे २,२,६,६-टेट्रामिथाइलपायपेरिडीन-१-ऑक्सिल, केशरी रंगाचे स्फटिक. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची माळ. प्रत्येक कड्यावर सहाव्या कार्बनचा हायड्रॉक्सिल गट थोडा बाहेर डोकावतो. टेम्पो नेमका तोच पकडतो आणि त्याचा कार्बोक्झिलेट करतो. सगळ्या तंतूंच्या अंगावर ऋण भार आला की ते एकमेकांना ढकलतात आणि जुडी सुटते. ही पद्धत टोकियो विद्यापीठात अकिरा इसोगाई यांच्या गटानं घडवली. २०१५ मध्ये इसोगाई, साइतो आणि निशियामा यांना त्यासाठी मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला.

कृती सोपी वाटते. एक ग्रॅम सेल्युलोजला १६ मिलिग्रॅम टेम्पो, १०० मिलिग्रॅम सोडियम ब्रोमाइड, ५ मिलिमोल हायपोक्लोराइट, पीएच १०. पहिली अडचण हायपोक्लोराइटचीच. बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं. आयोडिन-थायोसल्फेट टायट्रेशन केलं तर निघाले २.३. नाशिकच्या एप्रिलमध्ये बाटली गोदामात राहिली की क्लोरिन उडूनच जाणार. बाटलीवरच्या आकड्यानं घातलं असतं तर अर्धीच अभिक्रिया झाली असती आणि मी दोन आठवडे काडीला दोष देत बसले असते.

मग पीएच मीटरसमोर खुर्ची टाकली. आकडा ९.९ झाला की कॉस्टिकचे दोन थेंब, पुन्हा १०.०. सुरुवातीला दर दहा सेकंदांनी थेंब लागतो. तासाभरानं अर्ध्या मिनिटानं. तीन तास चाळीस मिनिटांनी आकडा १०.० वर जो बसला तो हललाच नाही. कॉस्टिक लागायचं थांबलं म्हणजे अभिक्रिया संपली. थोडं इथेनॉल घालून उरलेला हायपोक्लोराइट मारला. मधल्या वेळात चहासुद्धा खुर्चीवरच.

२६ एप्रिल, शनिवार

पूर्ण बॅच नासली, आणि चूक माझी. शनिवारी नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे डिस्टिलेशनचा प्लांट बंद. लगदा धुवायचा राहिला होता. म्हटलं पहिलं धुणं बोअरच्या पाण्यानं करू, शेवटचं चांगल्या पाण्यानं. घुसळून तयार केलेल्या थोड्या जेलवर ते पाणी ओतलं आणि डोळ्यांदेखत दूध फाटावं तसं फाटलं. पांढऱ्या गुठळ्या, वर स्वच्छ पाणी. बोअरचं पाणी जड, त्यातलं कॅल्शियम दोन-दोन कार्बोक्झिलेटांना एकत्र बांधतं. वाचलेलं होतं. बघितलं नव्हतं.

काकांनी (लॅब अटेंडंट) गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन आणून दिले. आधी सांगितलं असतं तर आधीच आणले असते म्हणाले.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. आईनं आमरसाला बोलावलं होतं, गेले नाही.

नवी बॅच बॅटरीच्या पाण्यानं धुतली. कंडक्टोमेट्रिक टायट्रेशन: कार्बोक्झिल १.२ मिलिमोल प्रति ग्रॅम. भद्रकालीतून आणलेल्या जुन्या मिक्सरमध्ये एक टक्का लगदा टाकून दोन-दोन मिनिटांच्या हप्त्यांनी फिरवला. सलग फिरवला तर मोटर तापते. पाचव्या हप्त्यापर्यंत ताक. आठव्या हप्त्यानंतर आवाज बदलला. पात्यांची घरघर जड झाली आणि भांड्यातलं पांढरं विरून गेलं. भांडं तिरकं केलं तर जेली, आरपार दिसणारी.

आत तंतू खरंच सुटे झालेत का हे बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. टेम्पोनं सुटलेला तंतू तीन-चार नॅनोमीटर रुंद असतो. पण एक गरिबाघरची चाचणी आहे. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून सोललेल्या पोलरायझरच्या (एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या फिल्मच्या) दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात धरल्या, म्हणजे काळोख. मध्ये जेलची बाटली धरून हलवली. काळोखात निळे, पिवळे, मोरपंखी पट्टे वळवळत गेले आणि बाटली स्थिर झाल्यावर हळूहळू विझले. तंतू प्रवाहात एका दिशेनं ओळीत येतात म्हणून हे रंग. ज्युनिअरनं बाटली माझ्या हातातून घेतली ती पाच मिनिटं दिली नाही.

५ मे, सोमवार

पेट्री डिशमध्ये जेल ओतून वाळवलं. बाहेर कोरडं ऊन, लॅबमध्येही हवा सुकलेली. कडा आधी वाळल्या, मधला भाग ओला राहिला, आणि रात्रीत सगळ्या फिल्म डिशपासून सुटून वाटीसारख्या वर वळल्या. सातपैकी पाचांना तडे. फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर: "पापड उन्हात सरळ टाकत नाहीत. वर ओढणी घाल." डिशवर फिल्टर पेपर आणि त्यावर छिद्रं पाडलेलं फॉइल घातलं. चार दिवस लागले, पण फिल्म सपाट निघाल्या.

२१ मे, बुधवार

अवकाळी पाऊस दोन आठवडे हटत नाही. कांदेवाल्यांचे हाल बघवत नाहीत, शेतातला कांदा शेतातच भिजतोय. त्यापुढे माझी तक्रार क्षुल्लक, तरी नोंद म्हणून: याच फिल्म आता आठ दिवस झाले तरी वाळत नाहीत.

९ जून, सोमवार

पहिलं मोजमाप. इम्पिडन्सचं (बदलत्या विजेला होणारा रोध मोजायचं) यंत्र आमच्याकडे नाही. फिजिक्सवाल्यांकडे त्याचा साधा भाऊ, एलसीआर मीटर आहे, तो उसना. फिल्मची एक सेंटिमीटर रुंद पट्टी, दोन तारा एक सेंटिमीटर अंतरावर, १० किलोहर्ट्झ. पट्टीचा रोध मोजायचा, लांबीला रोध आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकारानं भागायचं, की वाहकता आली.

आधी फिल्म सोडियम रूपातून आम्ल रूपात आणली. ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात एकदा बुडवली, घाईत होते. मग पोटॅशियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणावर बंद डब्यात दोन दिवस. त्या मिठावर हवेची आर्द्रता ९७ टक्क्यांवर धरून राहते. आईचा लोणच्याचा जुना प्लास्टिकचा डबा यासाठी फार उत्तम.

डब्यातून काढल्या काढल्या ६२० किलोओहम. आकडा वहीत लिहीपर्यंत ७४०. डोक्यावर पंखा फुल्ल. दोन मिनिटांत १.९ मेगाओहम आणि पाचव्या मिनिटाला मीटरनं नाद सोडला. म्हणजे मी मेम्ब्रेन मोजत नव्हते, तिच्यातलं पाणी उडताना मोजत होते. पंखा बंद. तारा डब्याच्या झाकणातून आत घेतल्या, भोकं एम-सीलनं बुजवली. मग आकडा ६२० वर ठरला. जाडी ५८ मायक्रॉन धरून ०.२८ मिलिसीमेन्स प्रति सेंमी.

प्रोटॉन कसा जातो याबद्दल ज्युनिअरला समजावताना स्लॅबचं उदाहरण सुचलं. स्लॅब टाकायच्या दिवशी माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात वर देतात. माणूस जागचा हलत नाही, माल वर पोचतो. पाण्याचे रेणू तसेच प्रोटॉन पुढे देतात. ग्रोटहुसनं ही कल्पना १८०६ मध्येच मांडली होती. रांगेतली माणसं, म्हणजे पाणी, निघून गेली की घमेलं जागीच.

२७ जून, शुक्रवार

मॅडमच्या कपाटात नाफिऑन ११७ चा पोस्टकार्डाएवढा तुकडा निघाला. ११७ मधले पहिले दोन आकडे म्हणजे ११००, दर इतक्या ग्रॅमला एक मोल आम्ल. शेवटचा सात म्हणजे इंचाच्या हजारांश भागात जाडी. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी, अर्धा मोलर सल्फ्युरिक आम्ल, पुन्हा पाणी, प्रत्येकात तासभर गरम केला. आमच्याच डब्यात, आमच्याच तारांनी ७६० ओहम आला. जाडी १९० मायक्रॉन धरली तर ६९ मिलिसीमेन्स. पुस्तकात पूर्ण ओल्या नाफिऑनला १०० च्या आसपास सांगतात, म्हणजे आमचा डबा फार खोटं बोलत नाही.

६९ आणि ०.२८. जेवायला गेले.

८ जुलै, मंगळवार

आषाढी झाली. आठवडाभर सुट्टीवर होते. परत आले तर टेबलावरच्या जेलच्या बाटलीत काळे ठिपके आणि वर पांढरी लव. बुरशीला आणखी काय हवं, पाणी आणि साखरेची माळ. २०० मिलिलिटर फेकून दिलं. यापुढे जेल फ्रिजमध्येच, रेस्व्हेराट्रॉलच्या बाटलीशेजारी.

२१ जुलै, सोमवार

कार्बोक्झिल आम्ल दुबळं, प्रोटॉन सोडायला कंजूष. सल्फोनिक गट हवा. रस्ते दोन होते. एक, पेरिआयोडेटनं ग्लुकोजच्या कड्याचा दुसरा-तिसरा कार्बन फोडून अल्डिहाइड करायचे आणि त्यावर बायसल्फाइट बसवायचा. पेरिआयोडेटचा भाव बघून तो रस्ता बंद. दुसरा, सल्फोसक्सिनिक आम्ल. त्याच्या एका रेणूला दोन कार्बोक्झिल आणि एक सल्फोनिक. दोन कार्बोक्झिल शेजारच्या दोन तंतूंना एस्टर बंधानं टाका घालतात, सल्फोनिक मोकळा राहतो. एकाच औषधात टाकाही आणि आम्लही. टाका यासाठी महत्त्वाचा की गट वाढवले की पाणी वाढतं, पाणी वाढलं की फिल्म फुगते, आणि टाका नसेल तर फुगून लगदा होते.

कोरड्या सेल्युलोजच्या ३० टक्के आम्ल जेलमध्ये घातलं, ओतलं, आईच्या ओढणीपद्धतीनं वाळवलं. मग ओव्हनमध्ये १२० अंश, एक तास. फिल्म मधाच्या रंगाची झाली. एक १४० वर ठेवली ती करपून बोटात मोडली. तुलनेसाठी साध्या फिल्टर पेपरपासूनही नॅनोसेल्युलोज (असेच सुटे केलेले बारीक तंतू) करून त्याचीही अशीच फिल्म केली. हे मॅडमनी सांगितलं म्हणून केलं; मला तो वेळ फुकट वाटत होता.

४ ऑगस्ट, सोमवार

आकडे आले. पाण्यात टाकल्यावर साधी फिल्म स्वतःच्या वजनाच्या १४० टक्के पाणी पिते, टाका घातलेली ६२. रोध ४१ किलोओहम, जाडी ६४ मायक्रॉन: ३.८ मिलिसीमेन्स. म्हणजे आधीच्या तेरापट. ज्युनिअरनं पेढे आणले.

पेढा खाताना दुसरा आकडा काढला आणि चव गेली. आयन विनिमय क्षमता. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून बाहेर आलेलं आम्ल फिनॉल्फथॅलिननं मोजलं: १.१ मिलिइक्विव्हॅलंट प्रति ग्रॅम. नाफिऑन ११७ ची ०.९१. म्हणजे आमच्याकडे आम्लाचे गट नाफिऑनपेक्षा जास्त आहेत आणि तरी वाहकता अठरापट कमी!

दोन तास यावरच बोललो. मला इतके दिवस वाटत होतं की सगळा खेळ गट किती बसवले याचा आहे. नाफिऑनचा टेफ्लॉनचा कणा पाण्याला जवळ करत नाही. पाणी आणि सल्फोनिक गट बिचारे एका बाजूला गोळा होतात, त्यांचे खिसे आणि खिशांना जोडणाऱ्या नळ्या तयार होतात. पाण्याची सलग वाट. शिवाय शेजारच्या फ्लोरिनमुळे ते आम्ल फारच तिखट. सेल्युलोज नखशिखान्त पाण्याला चिकटतं. त्यामुळे पाणी सगळीकडे थोडं थोडं, अंगाला बिलगून. घमेली देणारी माणसं नाफिऑनइतकीच आहेत, पण रांगेत उभी नाहीत. साइटवर जिकडेतिकडे पांगलेली, त्यातली निम्मी भिंतीला टेकून.

मग प्रश्न असा की झाडाच्या तंतूंमध्ये रांग लावायची कशी. मॅडमनी वहीत फक्त एक ओळ लिहिली: "पाणी न घेणारं काय मिसळता येईल?" लिग्निन, मी म्हटलं, आणि गप्प बसले. एप्रिलमध्ये तीनदा धुऊन नाल्यात सोडलेलं लिग्निन.

१९ ऑगस्ट, मंगळवार

चालू सेलमध्ये थोडा पेरॉक्साइड तयार होतो, आणि लोखंडाचा अंश असला तर त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल सुटतात. ते मेम्ब्रेन कुरतडतात. फेन्टन चाचणी म्हणजे तेच मुद्दाम करायचं: ३ टक्के पेरॉक्साइड, ४ पीपीएम (दहा लाखांत चार भाग) लोह, गरम. आम्ही ६० अंशांवर केली. सोबत एका नळीत नुसता पेरॉक्साइड, लोहाशिवाय.

लोहाच्या नळीत आमची फिल्म दोन तासांत चिंध्या झाली. अपेक्षित होतं. पण लोहाशिवायच्या नळीतही ती बुडबुडत होती आणि संध्याकाळपर्यंत तुकडे झाले. फिल्टर पेपरवाली फिल्म, तीच कृती, तोच टाका, लोहाशिवाय शांत पडून होती. मॅडमचा फुकट वाटलेला वेळ.

म्हणजे काडीतूनच काहीतरी आलं आहे. रात्री जेवताना आठवलं. मागच्या हंगामात डाऊनीनं (केवडा रोगानं) छळलं होतं, आप्पा बोर्डो मारत होते. मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ, आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्डोत १८८५ मध्ये मिलार्देनं जाहीर केलेलं औषध, आजही आमच्या प्रत्येक शेडमध्ये निळा ड्रम असतोच. तांबंही लोखंडासारखंच पेरॉक्साइड फोडतं. आणि बारीक काड्यांची साल मी काढली नव्हती.

२० ऑगस्ट, बुधवार

उरलेल्या बारीक काड्यांची साल खरवडली, २० ग्रॅम. क्रुसिबलमध्ये जाळून राख केली, राख आम्लात विरघळवली, अमोनिया घातला. तपकिरी गाळ बसला तो गाळून टाकला. खालचं पाणी पांढऱ्या टाइलवर धरलं: फिकट निळं. फार फिकट, पण निळंच. फोटो आप्पांना पाठवला. "हे काय?" "तुमचं बोर्डो." "मग? लागू पडलं होतं."

३ सप्टेंबर, बुधवार

देठ परीक्षण करणाऱ्या लॅबला नमुने दिले होते. द्राक्षवाल्यांसाठी ते तांबं, जस्त रोजच मोजतात. फॉर्मवर 'पिकाचे नाव' या रकान्यात द्राक्ष लिहिलं, 'वाढीची अवस्था' मध्ये काय लिहावं कळेना, रिकामं सोडलं. सालीसकट भुकटी: तांबं २१० पीपीएम. तयार फिल्म: ३८. इतक्या धुण्यांतूनही उरलं, कारण कार्बोक्झिलेट तांब्याला घट्ट धरून ठेवतात. भार मी बसवला आणि त्यानंच तांबं राखलं. त्यात माझं ०.०१ मोलरचं एकच घाईचं धुणं.

नवी बॅच: सोललेली काडी, टेम्पोनंतर ईडीटीएचं (धातू पकडून नेणाऱ्या रसायनाचं) धुणं, मग ०.१ मोलर आम्लात तीनदा. तांबं २ पीपीएमच्या खाली. लोहाशिवायच्या पेरॉक्साइडमध्ये दोन दिवस टिकली. लोहासकट मात्र पाच तासांत गेलीच. सेल्युलोजला रॅडिकल सोसत नाहीत, त्याला धुण्याचा उपाय नाही. वाहकता ४.१, म्हणजे जवळजवळ तितकीच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पुण्याला जाऊन आले. पहाटेची बस, रात्री अकराला परत. तिथल्या इम्पिडन्सवर मेम्ब्रेन जाडीतून मोजली, कारण आमची पट्टी आडवी मोजते आणि सेलमध्ये प्रोटॉन जाडीतूनच जातो. तंतू वाळताना चटईसारखे आडवे पसरतात, तेव्हा आडवी वाट सोपी आणि उभी अवघड असणार हा संशय होताच. आडवी ४.१, उभी १.२. प्रबंधात दोन्ही आकडे शेजारी छापणार. नुसता आडवा छापणं म्हणजे पेटीच्या वरच्या थरात मोठे घड लावण्यासारखं.

क्यूशू विद्यापीठाच्या गटानं २०१६ मध्ये नॅनोसेल्युलोजचाच फ्युएल सेल करून दाखवला होता. त्यांना साध्या नॅनोतंतूंची वाहकता १०० अंशांवर ०.०५ मिलिसीमेन्स मिळाली, सल्फ्युरिक आम्लानं केलेल्या नॅनोस्फटिकांची १२० अंशांवर ४.६, आणि ८० अंशांवर प्रति चौरस सेंमी १७.२ मिलिवॉट शक्ती. हायड्रोजन अडवण्यात मात्र त्यांचा कागद नाफिऑनच्या कितीतरी पुढे. म्हणजे पातळ करायला वाव आहे. माझी ६४ मायक्रॉनची फिल्म २० वर आणली तर रोध आपोआप तिसऱ्या हिश्श्यावर येईल. बसमध्ये तिकिटाच्या मागे हा हिशेब तीनदा केला.

तिथल्या एकानं विचारलं, गरम पाण्यात किती टिकते? ६० अंशांवर दहा दिवस ठेवली होती, ९ टक्के वजन गेलं. आम्लात एस्टरचे टाके हळूहळू उसवतात. त्यानं मान डोलावली, पुढे काही विचारलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

पावसानं गोडी छाटणी (फळांसाठीची) सगळ्यांचीच पुढे गेली. आप्पांची या आठवड्यात सुरू होईल. विचारत होते, या छाटणीची काडी ठेवू का. नको म्हटलं. ऑक्टोबरची काडी कोवळी, शेंड्याची, आणि फवारणी ताजी. "एक ओळ तांब्याशिवाय ठेवता येईल का?" असं विचारून पाहिलं. हसले. "आणि डाऊनी आली तर तुझा पडदा झाकू का त्याच्यावर?"

मॅडमशी ठरलं: हायड्रोजनच्या ८० अंशांच्या सेलचा नाद तूर्त सोडायचा. रॅडिकल आणि गरम आम्ल या दोन गोष्टी टाळता येतील अशा, साध्या तापमानाच्या ठिकाणी ही मेम्ब्रेन वापरून पाहायची. झिंकच्या बॅटरीतला विभाजक पहिला. आणि समांतर, सेल्युलोजमध्ये थोडं लिग्निन परत मिसळून पाण्याला वाट करून देता येते का हे पाहायचं. तेवढ्यासाठी आता काळं पाणी फेकायचं नाही. काकांनी त्यासाठी निळा ड्रम आणलाय. कशाचा होता ते विचारलं आणि परत पाठवला.

दुपारी एप्रिलमधलं उरलेलं दीड पोतं उघडलं. मी, ज्युनिअर आणि बटाटे सोलायची दोन सोलाणी. एका बैठकीत ४०० ग्रॅम साल निघाली, अंगठ्याला फोड. अजून एक पोतं बाकी आहे. पोती आप्पांना परत दिलेली नाहीत, आणि त्यांनी ते विसरलेलं नाही.